सुभेदारांच्या बांधावर चिडलेल्या माश्या

आमच्या घरात मला आग्यामोहोळ म्हणतात. नाव नवऱ्याने ठेवलं, मुलांनी चालवलं आणि आता सूनही दाराआडून म्हणते. मला त्याचं वाईट वाटत नाही. एवढंच वाटतं की चिडलेल्या माणसाला ‘काय झालं?’ असं कुणी विचारत नाही, ‘किती गं चिडतेस!’ एवढंच म्हणतात. म्हणून श्रावणाच्या सुरुवातीला माझ्या भाचीचा, रोहिणीचा, फोन आला आणि ती म्हणाली, “मावशी, माझ्या माश्या चिडल्यात आणि का चिडल्यात ते काही केल्या कळत नाहीये,” तेव्हा मी फारसा विचार न करता बॅग भरली. चिडलेल्यांची बाजू घेणारं कुणीतरी हवंच.

रोहिणी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण वाईला दिलेली, आणि रोहिणी तिथून वर, पाचगणीजवळच्या एका गावात. तिचे मिस्टर एका शाळेची बस चालवतात आणि ती मधमाश्या पाळते. ‘पाळते’ हा शब्द मला आधी चेष्टेचा वाटायचा. कुत्रं पाळतात, म्हैस पाळतात, माशी कशी पाळणार? आठवडाभर तिच्याबरोबर राहिल्यावर चेष्टा संपली.

पाचगणीच्या खाली

अमरावती ते वाई या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते. वाईपासून पुढे जागी राहिले, कारण घाटात झोपायला माझी छाती होत नाही. आमच्याकडे श्रावणातला पाऊस येतो आणि जातो. इथे तो मुक्कामालाच असतो. रोहिणीच्या अंगणात उभं राहिलं तर समोरचं फणसाचं झाड दिसत नव्हतं, नुसता त्याचा पाण्याचा आवाज येत होता. घरातले कपडे चुलीवर वाळत होते आणि सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास होता.

पडवीत तीन-चार पेट्या होत्या. “या अशक्त आहेत म्हणून इथेच ठेवल्या,” रोहिणी म्हणाली. “बाकीच्या सगळ्या खाली सांगलीकडे, सुभेदारांच्या रानात.” लाकडी पेटी, आत ओळीने टांगलेल्या चौकटी, चौकटीवर माश्यांनी बांधलेलं पोळं, आणि खाली बोटभर रुंदीचं दार. या माश्यांना तिकडे सातेरी म्हणतात. आपल्याच डोंगरातली जात, झाडाच्या ढोलीत राहणारी. रोहिणीने यातल्या बऱ्याच ढोलीतून स्वतः काढून आणल्या आहेत, झाडावर चढून.

मला जवळून बघायचं होतं. ती म्हणाली, “आज नको. पाऊस आहे, सगळ्या घरातच बसल्यात. बाहेर काम नाही, घरात खायला बेताचं. अशा वेळी कुणी झाकण उघडलं, तर त्यांच्या जागी तू काय केलं असतंस?” मी काय केलं असतं ते तिला माहीत होतं. तरी मी, उघडू नको पण दारातून तरी बघू दे, म्हणून वाकले. अंगावर काळी लोकरीची शाल, केसांना वासाचं तेल, आणि तोंड दारापाशी नेऊन मी दीर्घ श्वास सोडला. पुढच्याच क्षणी भुवईत विस्तव ठेवल्यासारखं झालं.

मी चिमटीने काटा ओढायला गेले तर रोहिणीने माझा हात धरला. “चिमटीत धरलास तर विषाची पिशवी आत पिळली जाते.” तिने नखाने खरवडून काटा उडवला आणि कोपऱ्यात धुमसणाऱ्या धुराड्याचा, म्हणजे माश्यांना धूर द्यायच्या भात्याच्या डब्याचा, धूर माझ्या तोंडावर सोडला. मी खोकत असताना तिने माझ्या चुका मोजून दाखवल्या. काळं आणि केसाळ म्हणजे माशीच्या लेखी अस्वल. तोंडाची वाफ म्हणजे मध खायला आलेला कुणीतरी. तेलाचा वास तर विचारूच नको. शिवाय जिथे एक काटा बसतो तिथे एक वास उरतो, तो बाकीच्यांना सांगतो की इथेच मारा. म्हणून धूर. धुराने तो वास झाकला जातो, आणि वणवा आला की काय असं वाटून माश्या पोटभर मध पिऊन घेतात. पोट भरलं की भांडायचा जोर कमी होतो.

“आणि काटा मारला की ती माशी मरते,” ती म्हणाली. “त्यामुळे हौसेने कुणी मारत नाही.”

हे वाक्य आमच्या घरात भिंतीवर लावावं असं मला वाटलं.

संध्याकाळी चहा पिताना तिने खरी अडचण सांगितली. डोंगरात हा असा पाऊस, फुलं नाहीत. म्हणून तिने यंदा पहिल्यांदाच पेट्या सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पुढे, एका निवृत्त सुभेदारांच्या सूर्यफुलाच्या रानात नेल्या होत्या. तिकडे पाऊस बेताचा. माश्यांना फूल मिळतं आणि सूर्यफुलाचा दाणा भरतो, दोघांचंही भलं. पण सूर्यफूल फुलायला अजून थोडे दिवस होते आणि तेवढ्यात माश्या पिसाळल्या. सुभेदारांच्या कानाला चावल्या, गड्याला चावल्या, आणि परवा त्यांच्या खिलार बैलाला सळो की पळो करून सोडलं. सुभेदारांचा निरोप आला होता की रविवारी संध्याकाळी पेट्या उचला.

“मग दुसरीकडे ठेव,” मी म्हणाले.

“कुठे? एका शेतकऱ्याने बैलाचं नाव घेऊन हाकललं की पंचक्रोशीत कोणी उभं करत नाही. इथे आणल्या तर उपाशी. आणि सातेरी उपाशी राहिली की पेटीत मरत बसत नाही, सगळी वसाहत राणीला घेऊन उडून जाते.” तिने कप खाली ठेवला. “मला रिकाम्या पेट्या उरतील. परत झाडावर चढण्याचं माझं वय राहिलेलं नाही, मावशी.”

कराडला जेवण

रोहिणी स्वतः पिकअप चालवते. मी तिच्या शेजारी एक डोळा मिटून बसले होते, कारण सुजेमुळे तो उघडतच नव्हता. घाट उतरेपर्यंत पाऊस मागे राहिला आणि कराडला उन्हाचा एक तुकडासुद्धा दिसला. कृष्णा आणि कोयना दोन्ही गढूळ होऊन समोरासमोर येऊन भिडत होत्या. आम्ही संगमावर जरा वेळ उभ्या राहिलो आणि मग भूक लागली.

तिथल्या ढाब्यावर अख्खा मसूर खाल्ला. आमच्याकडे मसूर म्हणजे आजाऱ्याची डाळ. इथे तो तेलाचा तवंग घेऊन, कांदा-लसणाच्या मसाल्यात माखून, रुबाबात येतो. तिखटाच्या बाबतीत वऱ्हाडच्या माणसाला कुणी शिकवू नये असं मी मानत होते, पण वाढणाऱ्या माणसाने माझ्या सुजलेल्या डोळ्याकडे बघून विचारलं, “लय तिखट झालं व्हय, काकू?” मी म्हणाले, माशी चावली. तो म्हणाला, “मग आनखी एक रोटी खावा. आग आगीनं जाती.” रोटी खाल्ली. आग गेली नाही.

विट्याच्या पुढे

गावाचं नाव सांगत नाही. सुभेदारांनी तशी ताकीद दिली आहे. त्यांना गावात सगळे आबा म्हणतात. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, आणि उजवा कान अजून लाल. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवूनच उभे होते. बैलाचं नाव हिरा. पांढराशुभ्र खिलार, पण नाकपुडी आणि एक डोळा सुजलेला. त्याच्या आणि माझ्या तोंडात फारसा फरक नव्हता, त्यामुळे मला त्याच्याबद्दल लगेच माया वाटली.

“या,” आबा म्हणाले. “बगा आपल्या पोरींचे पराक्रम. ह्याला म्या खोंड असल्यापासनं हातानं वाढीवलाय. आजपत्तूर कुनी काठी लावली न्हाई ह्याला.”

“आबा, मला बघू द्या काय झालंय ते,” रोहिणी म्हणाली.

“बगा. खुशाल बगा. पन आयतवारी सांजच्याला पेट्या उचलायच्या. ऑर्डर हाय.”

मी मधे तोंड घातलं. एवढं मोठं रान आहे, तर पेट्या जनावरांपासून लांब पलीकडच्या बांधावर ठेवा की. आबांनी मान डोलावली, पण रोहिणीने नाही म्हटलं. माश्या पेटीला ओळखत नाहीत, जागेला ओळखतात. शंभर पावलं हलवली तरी संध्याकाळी सगळ्या जुन्याच जागी परत येणार, घर सापडलं नाही म्हणून घोंगावणार आणि आहेत त्याच्या दुप्पट चिडणार. हलवायच्या तर कोसभर लांब, नाहीतर मुळीच नाही.

तेवढ्यात आबांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. सगळे त्यांना आक्का म्हणतात. ठेंगणी, गोरी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आम्हाला गुळाचा चहा, दुधाचा. आबांना कोरा, बिनसाखरेचा. “साकर वाडलीय त्यांची,” आक्का मला म्हणाल्या. आबांनी तो चहा औषधासारखा संपवला.

रोहिणीने पेट्या उघडायची घाई केली नाही. बांगड्या उतरवल्या, फिकट रंगाचा सदरा चढवला आणि बाजूला एका दगडावर बसून नुसती दारांकडे बघत राहिली. मला वाटलं, दमली असेल. थोड्या वेळाने तिने मला खुणेने बोलावलं.

“त्या शेवटच्या पेटीच्या दारात बघ. कामावरून आलेली माशी सरळ आत शिरते. ही बघ कशी पाय लोंबकळत ठेवून डावी-उजवीकडे झुलतेय. आत शिरायला फट शोधतेय. ती या घरची नाही.”

मग मलाही दिसायला लागलं. दारात दोन-दोन माश्या एकमेकींना धरून लोळत होत्या. पेटीखाली मेलेल्यांचा सडा पडला होता. काही माश्या काळ्या, तकतकीत दिसत होत्या. ढकलाढकलीत त्यांची लव झडलेली, असं रोहिणी म्हणाली. जोरदार पेटीतल्या माश्या अशक्त पेट्या लुटत होत्या. आणि लूट सुरू झाली की प्रत्येक पेटी दारावर पहारा वाढवते, मग समोर बैल येवो की सुभेदार.

“म्हंजी संत्री घाबरलाय,” आबा म्हणाले. ते आमच्या मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं. “घाबरलेला संत्री सगळ्यात वंगाळ. त्यो आपल्याच मानसावर गोळी झाडतो.”

“बरोबर बोललात आबा. पण घाबरला कशाने, ते सापडत नाहीये.”

तिने सगळं तपासलं. शेणीचा तुकडा आणि नारळाच्या शेंड्या धुराड्यात पेटवून दारात हलकेच धूर दिला, मग झाकण काढलं. तिचे हात पाण्यात फिरावेत तसे फिरत होते, झटका कुठेच नाही. राणी जागेवर होती, अंडी होती. राणी मेली की वसाहत चिरचिरी होते, तसं काही नव्हतं. मुंग्या नव्हत्या, गांधीलमाशी नव्हती, शेजारच्या रानात फवारणीही झाली नव्हती. फुलं नाहीत एवढ्याने थोडी भांडणं होतात, पण असली लढाई होत नाही. कुठेतरी काहीतरी गोड सांडतंय, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आबांनी गड्याला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं. कुणीच काही सांडलं नव्हतं.

रात्री बाजरीची भाकरी, आमटी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा होता. रोहिणी नीट जेवली नाही.

शुक्रवार

मला पहाटे उठायची सवय आहे. मोरीकडे गेले तर स्वयंपाकघरात दिवा होता. श्रावणातला शुक्रवार, म्हणजे जिवतीची पूजा. देवघरात मुलांना खेळवणाऱ्या जिवतीचा कागद लावलेला आणि त्यासमोर दूध-साखर आणि गूळ-फुटाणे. आमच्याकडेही असंच असतं. आक्कांचा एकुलता एक मुलगा फौजेत, लांब थंडीच्या मुलखात. त्याच्या नावाने त्यांनी चारी दिशांना अक्षता टाकल्या.

मग त्यांनी एका ताटात परत दूध-साखर घेतली, गुळाचे खडे घेतले, चांगली पिकलेली केळी घेतली आणि मागच्या दाराने निघाल्या. मला वाटलं, एखादं म्हसोबाचं ठाणं असेल. मी पायात चपला सरकवून मागे गेले.

आक्का पेट्यांपाशी थांबल्या. शुक्रवार म्हणून प्रत्येक पेटीला हळद-कुंकू लावलं, दारात चमचाभर दूध-साखर सोडली, झाकणावर गुळाचा खडा आणि सोललेल्या केळ्याचा तुकडा ठेवला. गार वाऱ्यात माश्या अजून आतच होत्या. एकही बाहेर आली नाही.

“हे काय करता, आक्का?” मी विचारलं.

त्या दचकल्या, मग हसल्या. “ताई, मला लेक न्हाई. सरावनात सगळ्यांच्या माहेरवाशिनी येत्यात, माज्या दारात ह्या आल्यात. रानात फूल न्हाई, काय न्हाई. उपाशी कशा ठेवू?”

“रोज देता?”

“आल्यापासनं रोज. त्येंला सांगू नगा, हसतील मला. आन बगा, सगळ्यांना चावल्या, पन मला आजवर एकबी चावली न्हाई. वळखत्यात त्या मला.”

हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मी नुसतं हं म्हटलं.

रोहिणी दात घासत होती. मी सांगितलं आणि ती तशीच, तोंडात फेस घेऊन, पायरीवर बसली. मग चूळ भरून म्हणाली, “सापडलं.” पण तिचा आवाज आनंदाचा नव्हता.

सकाळी गारठ्यात ठेवलेली साखर ऊन वर आलं की दरवळायची. जोरदार पेटीतल्या माश्या तिथे पोचायच्या, ती संपली की वासाच्या मागे शेजारणीच्या घरात घुसायच्या, आणि दुपारी आबा हिराला घेऊन तिथून जाईपर्यंत युद्ध पेटलेलं असायचं. तोवर गूळ माश्यांनी संपवलेला आणि केळं खारी-कावळ्यांनी नेलेलं, म्हणून काल झाकणांवर काहीच दिसलं नव्हतं. आणि केळं! माशीने काटा मारला की जो वास उरतो, तो पिकल्या केळ्यासारखाच असतो. “मधपाळ केळं खाऊन पेटीजवळ जात नाही,” रोहिणी म्हणाली. “इथे रोज सकाळी झाकणावर केळं. आग लागली, आग लागली, असं दारात उभं राहून ओरडण्यासारखं आहे ते.” पहाटेच्या थंडीत माश्या बाहेर पडत नाहीत, म्हणून फक्त आक्का वाचल्या होत्या.

“चल, आबांना सांगू,” मी उठले.

“मावशी, खाली बस. त्यांना सांगितलं की त्यांच्या जिवाभावाच्या बैलाला आक्कांमुळे चावल्या, मग? मी पेट्या घेऊन निघून जाईन. आक्कांना इथेच राहायचंय.”

“आणि नाही सांगितलं तर रविवारी तुझ्या पेट्या जातील.”

“जातील,” ती म्हणाली आणि केरसुणी घेऊन पायरी झाडायला लागली. शेवटी तिने ठरवलं की आधी आक्कांनाच सांगायचं, पुढचं त्यांनी ठरवावं.

आक्का चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. रोहिणीने शेजारी बसून अगदी हळू, एकही वाक्य न टोचेल असं सगळं सांगितलं. आक्का ऐकत राहिल्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांनी उलटली नाही, ती मीच उलटली. मग त्यांनी विचारलं, “म्हंजी त्या मला वळखत नव्हत्या?”

रोहिणीने त्यांचा पिठाचा हात हातात घेतला. मला तर त्या क्षणी सगळ्या माश्यांचा राग आला. एका बाईने रोज पहाटे उठून घास भरवावा आणि तिची साधी दखल नसावी! मी तसं बोलूनही दाखवलं. आक्का म्हणाल्या, “त्येंचं काय चुकलं ताई? त्येंनी काय मागितलं हुतं?”

दुपारी आबा जेवायला बसले. आक्कांनी वाढलं आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, “हिराला माश्यांनी न्हाई, म्या फोडलं.” मग एका दमात सगळं सांगून टाकलं. पदर तोंडाशी नेला नाही की आवाज खाली केला नाही. आबांचा घास हातातच राहिला. मी माझी जागा घट्ट धरून बसले होते, कारण मला भांडणाचा वास लांबून येतो.

“रोज?” आबांनी विचारलं.

“रोज.”

“दूद-साकर?”

“व्हय.”

“आन मला कोरा चा?”

रोहिणीला ठसका लागला. आबा मात्र हसत नव्हते. त्यांनी हात धुतला, गोठ्यात गेले, हिराच्या डोळ्याला मलम लावलं. परत येऊन आक्कांना म्हणाले, “मला सांगायचं हुतंस. एवढं कोरडं मानूस हाय व्हय मी?” आक्का तेव्हा रडल्या.

पण रविवारची ऑर्डर त्यांनी मागे घेतली नाही. “आयतवारी दुपारी हिराला घेऊन पेट्यांम्होरनं जानार. एकबी अंगावर आली न्हाई, तर ऱ्हाऊ द्या. आली, तर सांजच्याला गाडी भरा.”

रविवार

लूट एकदा लागली की सवयीसारखी असते, लगेच सुटत नाही. शुक्रवारी दुपारीही आदल्या दिवसाइतकीच हाणामारी झाली, कारण त्या पहाटेचा नैवेद्य आधीच पोचला होता. रोहिणीने सगळी झाकणं राखेने घासून धुतली. दारं लाकडाच्या पट्टीने इतकी बारीक केली की एकावेळी एकच माशी आत जाईल, म्हणजे अशक्त पेटीलाही आपलं दार राखता येईल. सर्वात मार खाल्लेल्या पेटीवर ओलं गोणपाट टाकलं, दारापुढे गवत अंथरलं. संध्याकाळी माश्या घरात गेल्यावर तिने साखरेचा पाक दिला, पण पेटीच्या आत, एक थेंबही बाहेर न सांडता.

“म्हंजी साकर द्यायचीच असती,” आक्का म्हणाल्या.

“द्यायची, पण शेजारणीला कळू न देता,” रोहिणी म्हणाली. आक्कांना हे पटलं. म्हणाल्या, हे तर मानसांतबी असंच असतंय.

पायवाट आणि पेट्या यांच्यामध्ये आक्कांची दोन जुनी लुगडी बांबूंना ताणून बांधली. माशी दारातून निघाली की समोर भिंत, मग ती उंच उडते आणि माणसाच्या, जनावराच्या डोक्यावरून जाते. हिरवं आणि जांभळं लुगडं रानात फडफडत होतं. गडी म्हणाला, लग्नाचा मांडव वाटतोय.

शनिवारी झिमझिम पाऊस आला आणि रोहिणीचा चेहरा उतरला. दिवसभर माश्या कोंडून राहिल्या की दुसऱ्या दिवशी काय होईल ते सांगता येत नाही. रविवारी मात्र सकाळपासून ऊन पडलं. रानाच्या वरच्या कोपऱ्यात सूर्यफुलाची पहिली फुलं उघडली होती. रोहिणी दगडावर बसून दारं बघत होती. मी विचारलं, कसं आहे? तिने नुसतं बोट दाखवलं. एक माशी पायांना पिवळा पराग लावून आली आणि सरळ आत गेली.

दुपारी आबांनी हिराची वेसण हातात धरली आणि निघाले. आक्का ओट्यावर, मी त्यांच्या शेजारी, रोहिणी धुराडं पेटवून लुगड्याच्या टोकाशी. हिरा दोन पावलं चालला आणि थांबला. त्यालाही सगळं आठवत होतं. आबा त्याच्या कानात काहीतरी बोलले, मग तो पुढे आला. पहिली पेटी गेली, दुसरी गेली.

मधोमध आल्यावर एक माशी लुगड्यावरून खाली उतरली आणि आबांच्या तोंडासमोर घोंगावायला लागली. अगदी मिशीसमोर. आक्कांनी माझं मनगट धरलं, त्याची खूण संध्याकाळपर्यंत होती.

“आबा, हात हलवू नका. श्वास धरा,” रोहिणी हळूच म्हणाली.

आबा सावधान उभे राहिले. माशीने त्यांना डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग हिराच्या शिंगाभोवती एक फेरी मारली आणि सूर्यफुलांकडे निघून गेली. आबांनी श्वास सोडला तो मला ओट्यावर ऐकू आला. ते तसेच चालत शेवटच्या पेटीपर्यंत गेले, वळले, पुन्हा त्याच वाटेने परत आले आणि हिराला त्याच्या जुन्या खुंट्याला, बांधाजवळच्या लिंबाखाली बांधलं.

“चा ठेव,” ते आक्कांना म्हणाले. “साकर घालून.”

रोहिणी धुराडं हातात घेऊन तिथेच खाली बसली. मी जाऊन तिच्या हातातलं धुराडं काढून घेतलं.

सोमवारी आम्ही निघालो. आक्कांनी भडंग, शेंगा आणि घरचं तिखट असं बरंच काही बांधून दिलं. मी नको म्हणाले तर त्यांनी ऐकलं नाही. गाडीत बसण्याआधी त्यांनी रोहिणीला बाजूला घेतलं आणि विचारलं, “मग मी ह्येंना काय देऊ?”

“पाणी द्या,” रोहिणी म्हणाली. “त्या हिराच्या हौदावर पाण्याला जातात, तिथेच जनावरांशी गाठ पडते. लांब सावलीत एक पसरट भांडं ठेवा, आत खडे घाला, म्हणजे बुडणार नाहीत. रोज ताजं पाणी. एवढंच हवंय त्यांना तुमच्याकडून.”

आक्कांनी ताबडतोब परात आणली. पितळेची, मोठी, बहुधा लग्नातली. काठाला हळद-कुंकू लावलं, खडे धुऊन मांडले, पाणी ओतलं आणि चार पावलं मागे येऊन उभ्या राहिल्या. आम्हीही थांबलो. बऱ्याच वेळाने एक माशी आली, खड्यावर उतरली, वाकून पाणी प्यायली आणि उडून गेली.

“प्याली गं,” आक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, आणि त्यांचे डोळे भरले होते. “पन ताई, माहेरवाशिनीला नुसत्या पान्यावर ठिवायचं, असं आमच्या घरात कवाच झालं न्हाई.”